भिंतींना कान असलेली वकिलात

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण आपल्या घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या बोलली जाते. ज्याने आयुष्यात एकदा तरी घर बांधले आहे, त्याला तिचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. सिमेंटमध्ये वाळू किती मिसळली, सळई ठरलेल्याच जाडीची आली की बारीक आली, विटा पुरत्या भाजल्या आहेत की नाहीत, हे मालक स्वतः उभा राहून पाहतो तेव्हाच कळते. एकदा गिलावा झाला आणि रंग चढला, की आत काय आहे ते भिंतच जाणे.

हे झाले एका कुटुंबाच्या घराविषयी. एखाद्या राष्ट्राला दुसऱ्या राष्ट्राच्या राजधानीत, तेही उभयपक्षी पूर्ण अविश्वास असताना, आपली वकिलात बांधावयाची असेल तर काय होते? अमेरिकेने मॉस्को येथे बांधलेल्या वकिलातीची हकिकत या प्रश्नाचे उत्तर देते. जागेचा करार झाला १९६९ साली आणि मुख्य इमारतीत कामकाज सुरू झाले २००० साली. मधली ३१ वर्षे गेली ती पैशाअभावी नव्हे, की तंत्रज्ञानाअभावीही नव्हे. जगातील सर्वांत श्रीमंत राष्ट्राकडे या दोहोंची कमतरता नव्हती. करार करताना एका साध्या गोष्टीकडे त्याने दुर्लक्ष केले होते. माल कोठे तयार होणार आणि त्या वेळी तेथे आपला माणूस उभा असणार की नाही, एवढीच ती गोष्ट.

वकिलात म्हणजे नेमके काय?

वकिलातीची जमीन म्हणजे त्या परक्या देशाचीच भूमी, असा एक सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही. जमीन यजमान देशाचीच राहते. मात्र १९६१ च्या व्हिएन्ना करारानुसार वकिलातीची वास्तू अभंग मानली जाते. तेथील प्रमुखाच्या संमतीवाचून यजमान देशाचे पोलीस आत पाऊल टाकू शकत नाहीत, झडती घेऊ शकत नाहीत, कागदपत्रांना हात लावू शकत नाहीत. वकिलातीला जागा मिळवून देण्यास साहाय्य करणे हेही यजमान देशाचे कर्तव्य ठरते.

हे संरक्षण मोठे आहे. पण ते उभ्या राहिलेल्या वास्तूचे आहे. कायदा दारावर पहारा देतो. भिंत रचली जात असताना तिच्या पोटात काय जाते, यावरचा पहारा ज्याचा त्यानेच द्यावयाचा असतो.

ज्या देशाशी संबंध सलोख्याचे असतात, तेथे हा प्रश्न फारसा उद्भवत नाही. नवी दिल्लीतील चाणक्यपुरीत अमेरिकेची वकिलात १९५९ च्या जानेवारीत सुरू झाली. एडवर्ड डरेल स्टोन या वास्तुरचनाकाराने आपल्याकडील जाळीचा उपयोग करून तिच्याभोवती नक्षीदार पडदा उभारला आणि मधोमध पाण्याचे अंगण ठेवले. भारतीय कारागिरांच्या हातांनी ती इमारत उभी राहिली आणि तिचे कौतुक झाले. वकिलात ही त्या राष्ट्राच्या स्वभावाची ओळख असते, हा विचार त्या वास्तूत दिसतो. मॉस्कोत मात्र स्वभावाची ओळख करून देण्यापूर्वी गुपित सांभाळण्याचा प्रश्न होता.

गाठीशी असलेला अनुभव

अमेरिकेला पूर्वानुभव नव्हता, असे म्हणता येणार नाही. १९४५ साली सोव्हिएत शाळकरी मुलांनी अमेरिकेचे राजदूत ॲव्हरेल हॅरिमन यांना एक सुंदर भेट दिली होती. अमेरिकेच्या राजमुद्रेतील गरुड लाकडात कोरलेला होता. मुलांनी प्रेमाने दिलेली वस्तू म्हणून ती राजदूतांच्या निवासस्थानी भिंतीवर लावण्यात आली. राजदूत बदलत गेले, गरुड तेथेच राहिला. १९५२ साली उलगडा झाला, की त्या लाकडाच्या आत बोलणे चोरून ऐकण्याचे यंत्र बसविलेले आहे. त्याला बॅटरी नव्हती, विजेची तार नव्हती. एक लहानशी पोकळी, तिच्यावर धातूचा पातळ पडदा आणि एक अँटेना, एवढीच त्याची घडण होती. बाहेरून रेडिओलहरी सोडल्या, की खोलीतील आवाजाने कंप पावणारा तो पडदा त्या लहरींवर बोलण्याचा ठसा उमटवून त्या परत पाठवी. लेव्ह थेरेमिन या सोव्हिएत संशोधकाची ही करामत होती. १९६० साली संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत अमेरिकेचे प्रतिनिधी हेन्री कॅबट लॉज यांनी तो गरुड उघडून सर्वांसमोर ठेवला.

१९५३ पासून अमेरिकेची वकिलात मॉस्कोतील चायकोव्हस्की मार्गावरील इमारतीत होती. १९६४ साली तिच्या भिंतींतून ४० हून अधिक मायक्रोफोन निघाले. म्हणजे नव्या वास्तूचा करार होण्यापूर्वीच यजमानांचा स्वभाव पुरेपूर कळून चुकलेला होता. कर्ज मागणाऱ्याचे मागील खाते तपासावे, हा पेढीवरचा पहिला धडा. येथे मागील खाते उघडे होते. पण करार करणाऱ्यांनी त्यावरून घ्यावयाचा बोध घेतला नाही.

करारातील उणीव

१९६९ च्या करारानुसार दोन्ही राष्ट्रांनी एकमेकांना ८५ वर्षांसाठी जागा दिल्या. अमेरिकेला मॉस्कोत जुन्या वकिलातीच्या मागे, नदीच्या बाजूच्या सखल भागात जागा मिळाली. सोव्हिएत संघाला वॉशिंग्टनमध्ये माउंट आल्टो ही टेकडी मिळाली. ती त्या शहरातील उंच जागांपैकी एक आहे. उंचावरून रेडिओसंदेश टिपणे सोपे जाते, याची चर्चा अमेरिकेत पुढे बरीच झाली. परंतु तोवर सह्या होऊन गेलेल्या होत्या.

बांधकामाच्या अटी १९७२ मध्ये ठरल्या. शीतयुद्धाचा ताण थोडा सैल झालेला तो काळ होता. इमारतीचा आराखडा अमेरिकन वास्तुरचनाकारांनी करावयाचा, परंतु सांगाडा उभारण्याचे काम सोव्हिएत यंत्रणेने आपल्या कामगारांकरवी करावयाचे, असे ठरले. त्या काळी सोव्हिएत शहरांत काँक्रीटचे खांब, तुळया आणि स्लॅब कारखान्यात साच्यात ओतून तयार करीत आणि जागेवर आणून जोडीत. वकिलातीसाठीही हीच पद्धत स्वीकारण्यात आली. ते भाग बांधकामाच्या जागेपासून दूर, सोव्हिएत कारखान्यांत तयार होत होते आणि ओतकाम चालू असताना तेथे अमेरिकेचा एकही देखरेख करणारा माणूस नव्हता.

जाणत्या माणसांनी ही अट मान्य कशी केली? त्यामागे एक हिशेब होता. सोव्हिएत लोक यंत्रे बसविणारच, हे अमेरिकनांना ठाऊक होते. पण बांधकाम पुरे झाल्यावर आपले तज्ज्ञ ती शोधून काढतील आणि निकामी करतील, असा त्यांना भरवसा होता. आधी बांधू आणि मग साफ करू, असा हा विचार होता. दुधात पाणी मिसळू द्यावे आणि नंतर ते निवडून काढावे, असाच तो प्रकार झाला. वॉशिंग्टनमधील सोव्हिएत अधिकाऱ्यांनी असा धोका पत्करला नाही. आपल्या वकिलातीसाठी येणाऱ्या मालावर आणि चालणाऱ्या कामावर त्यांची करडी नजर होती. कराराचा कागद उभयपक्षी समान दिसत होता. तो वापरण्याची दक्षता मात्र समान नव्हती.

भिंतीच जेव्हा यंत्र होतात

१९७९ साली मॉस्कोतील बांधकामास आरंभ झाला. तांबड्या विटांची आठ मजली मुख्य इमारत आणि सभोवार कर्मचाऱ्यांची निवासस्थाने, अशी योजना होती. सांगाडा वर चढू लागला, तशी अमेरिकन तज्ज्ञांनी क्ष-किरणांच्या साह्याने खांब आणि तुळया तपासण्यास सुरुवात केली. जे आढळले ते अपेक्षेपलीकडचे होते. शोधून काढून टाकता येईल असा सुटा मायक्रोफोन हा आता विषयच राहिला नव्हता. ऐकण्याची व्यवस्था इमारतीच्या सांगाड्यातच ओतलेली होती. सळया, तारा आणि पोकळ्या यांची रचना अशी होती, की बांधकामाचा आवश्यक भाग कोणता आणि हेरगिरीचा कोणता, हे वेगळे सांगणे दुरापास्त झाले. त्यात भर म्हणून काँक्रीटमध्ये असंख्य निरुपयोगी डायोड मिसळलेले होते. इलेक्ट्रॉनिक भाग हुडकणाऱ्या उपकरणाला प्रत्येक भिंत ‘येथे काहीतरी आहे’ असे सांगे आणि खरे यंत्र त्या गर्दीत लपून राही. ते काढावयाचे तर खांब फोडावे लागणार, आणि खांब फोडले तर इमारतच खाली येणार.

याच सुमारास जुन्या वकिलातीतही धक्का बसला. १९८४ साली तेथील यंत्रसामग्री तपासणीसाठी मायदेशी नेण्यात आली, तेव्हा १६ विद्युत टंकयंत्रांच्या आत छुपी उपकरणे सापडली. कोणते अक्षर टंकले जात आहे, ते ती बाहेर कळवीत. कागद कितीही कडेकोट तिजोरीत ठेवला, तरी तो टंकला जाताक्षणीच वाचला जात होता.

अखेर १९८५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने सोव्हिएत कामगारांना नव्या जागेवरून दूर केले आणि काम थांबले. मुख्य इमारत अर्धवट उभी राहिली. निवासस्थाने पुढे वापरात आली. जिच्यासाठी हा सारा खटाटोप केला, ती मुख्य इमारत मात्र रिकामीच राहिली. १९८७ च्या एप्रिलमध्ये अमेरिकन काँग्रेसचे दोन सदस्य, डॅन मिका आणि ऑलिम्पिया स्नो, पाहणीसाठी मॉस्कोस गेले. वकिलातीत बोलणे सुरक्षित नसल्याने ते लहान मुलांच्या खेळण्यातील पाटीवर लिहून एकमेकांशी संवाद साधत. वरचा पातळ कागद उचलला की लिहिलेले पुसून जाते, ती ही पाटी. महासत्तेच्या लोकप्रतिनिधींनी आपल्याच वकिलातीत मुक्याने पाटीवर लिहावे, याहून त्या वास्तूचे अपयश वेगळे सांगण्याची गरज उरली नाही.

पाडावे की राखावे?

आता प्रश्न होता, या इमारतीचे करावयाचे काय? संरक्षणमंत्रिपद भूषविलेले जेम्स श्लेसिंजर यांच्याकडे पाहणीचे काम सोपविण्यात आले. १९८७ मध्ये त्यांनी सुचविले, की वरचे तीन मजले उतरवून नव्याने बांधावेत आणि शेजारी सहा मजल्यांची सुरक्षित जोडइमारत उभारावी. १९८८ मध्ये अध्यक्ष रेगन यांनी संपूर्ण इमारत पाडून नव्याने बांधण्याच्या बाजूने कौल दिला. त्यानंतर अमेरिकन संसदेत वर्षानुवर्षे वाद चालला. एक पक्ष म्हणे, ज्या घरावर विश्वास नाही त्यात एक वीटही ठेवू नये. दुसरा म्हणे, इतका पैसा ओतल्यावर सारेच जमीनदोस्त करणे हा दुहेरी तोटा होय. व्यापारात अडकलेल्या रकमेपुढे जी द्विधा अवस्था होते, तीच येथे राष्ट्राच्या पातळीवर दिसत होती. चुकीच्या जागी गुंतलेला पैसा माणसाला पुढचा निर्णयही मोकळ्या मनाने घेऊ देत नाही.

वाद चालू असतानाच कोणी कल्पिली नव्हती अशी घटना घडली. १९९१ च्या ऑगस्टमधील फसलेल्या उठावानंतर वादिम बकातिन यांच्याकडे केजीबी या सोव्हिएत गुप्तचर संस्थेची सूत्रे आली. बकातिन हे मूळचे बांधकाम अभियंते होते. डिसेंबरमध्ये त्यांनी अमेरिकेचे राजदूत रॉबर्ट स्ट्रॉस यांना बोलावून घेतले आणि नव्या वकिलातीत कोठे काय बसविले आहे, त्याचे नकाशेच त्यांच्या हाती दिले. मोबदल्याची मागणी नव्हती. गोर्बाचेव्ह आणि येल्त्सिन या दोघांचीही त्याला संमती होती. त्याच महिन्यात सोव्हिएत संघ इतिहासजमा झाला.

या कृतीचे फळ काय मिळाले? स्वदेशात बकातिन यांच्यावर विश्वासघाताचा आरोप झाला आणि तो शिक्का त्यांच्या नावावरून कधी पुसला गेला नाही. अमेरिकेत तज्ज्ञांनी नकाशे घेतले, अभ्यासले. पण हे सारेच आहे का, काही राखून ठेवले नसेल कशावरून, ही शंका त्यांच्या मनातून गेली नाही. एका माणसाने खरे सांगितले असेलही. पण जेथे दीर्घकाळ अविश्वासाचाच व्यवहार झालेला असतो, तेथे खऱ्या नाण्यालाही वाजवून पाहिले जाते, आणि वाजवून पाहणाऱ्याला दोष देता येत नाही. नकाशे हाती असूनही अमेरिकेने त्या इमारतीत जशीच्या तशी वस्ती केली नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

उंच टोपीचा तोडगा

शेवटी जो मार्ग निघाला, त्याला ‘टॉप हॅट’, म्हणजे उंच टोपी, असे नाव पडले. आठांपैकी वरचे दोन मजले काढून टाकावयाचे आणि त्या जागी चार नवे मजले चढवावयाचे. खालचे मजले ज्यात गुप्त काही नाही अशा कामांसाठी वापरावयाचे. गोपनीय काम फक्त वरच्या नव्या मजल्यांत. अमेरिकन काँग्रेसने या पुनर्बांधणीसाठी २४ कोटी डॉलर मंजूर केले.

या वेळी पूर्वीची चूक झाली नाही. नव्या मजल्यांचे काम कसून पारख केलेल्या अमेरिकन कामगारांनी केले. त्यासाठीचे साहित्य अमेरिकेतून मोहोरबंद करून, पहाऱ्याखाली आणण्यात आले. मॉस्कोत खडी मिळत नव्हती किंवा सळई मिळत नव्हती, असे नाही. परंतु ज्या मालाचा प्रवास डोळ्यांसमोर झाला नाही, तो कितीही स्वस्त असला तरी येथे महागच पडणार होता. २००० साली ही इमारत वापरात आली.

या तोडग्यातील शहाणपण जाणत्या व्यावसायिकास पटेल असे आहे. साऱ्या इमारतीवर विश्वास टाकला नाही आणि सारी बुडीत खातीही टाकली नाही. जेथे विश्वासाची गरज नाही असे काम संशयित भागात ठेवले, आणि जेथे विश्वासावाचून चालणार नाही त्या कामासाठी नवी जागा स्वतःच्या देखरेखीखाली घडविली.

दुसरी बाजू

ही कथा केवळ एका पक्षाच्या लबाडीची आणि दुसऱ्याच्या भोळेपणाची आहे, असे समजणे मात्र न्यायाचे होणार नाही. मॉस्कोतील इमारत रखडली, म्हणून अमेरिकेने वॉशिंग्टनमधील तयार इमारतीत सोव्हिएत कारभार सुरू होऊ दिला नाही. तेथील मुख्य कार्यालय रशियाला वापरता आले ते १९९४ साली. पुढे २००१ च्या मार्चमध्ये अमेरिकन वृत्तपत्रांनी बातमी दिली, की त्याच माउंट आल्टोवरील इमारतीखाली अमेरिकेच्या यंत्रणेने चोरून ऐकण्यासाठी बोगदा खणला होता आणि हेरगिरीच्या आरोपावरून नुकताच अटक झालेला रॉबर्ट हॅन्सन या आपल्याच अधिकाऱ्याने तो रशियाला कळविल्याचा संशय आहे. म्हणजे एकाने भिंतीत कान बसविले, तर दुसऱ्याने जमिनीखाली. दोघांनीही एकमेकांच्या अंगणात अमाप पैसा पुरला.

या अनुभवाचा परिणाम पुढील वकिलातींवर दिसतो. अमेरिका आणि चीन यांनी एकमेकांच्या राजधानीत नव्या वकिलाती बांधल्या आणि २००८ साली त्या पुऱ्या झाल्या. तेव्हा बीजिंगमधील गोपनीय भागाचे काम अमेरिकेने आपल्या पारखलेल्या कामगारांकडून करविले आणि वॉशिंग्टनमधील कामासाठी चीनने आपले कामगार मायदेशातून आणले. उभयपक्षी कोणी रागावले नाही, कोणी अपमान मानला नाही. ‘माझे घर माझा माणूस बांधील’ ही अट आरंभीच मोकळेपणाने मांडली गेली आणि मान्यही झाली.

मॉस्कोच्या हकिकतीतील खरा बोध येथेच असावा. कराराच्या वेळी रोखठोक बोलणे हा अविश्वास नव्हे. ‘माल आमच्या माणसासमोर तयार होईल’ ही एक ओळ १९७२ च्या अटींत असती, तर समोरचा कदाचित कपाळाला आठ्या घालता, बोलणी काही महिने लांबली असती. ती ओळ नव्हती, म्हणून पंधरा वर्षे इमारत रिकामी राहिली आणि घर दोनदा बांधावे लागले. देखरेखीचा खर्च वाचविलेल्या हिशेबात त्या दिवशी शिल्लक दिसते. ती रक्कम कोठे गेली, हे पुढे केव्हातरी भिंत फोडावी लागते तेव्हा कळते.